तिघंच होते, चौथा घेतला नाही : रश

टेपगुंडाळ्या

१९९४ साली मोठ्या भावाच्या मित्राकडून एक सी-९० कॅसेट माझ्याकडे आली ती परत गेलीच नाही. त्याने मागितली नाही, मी विषय काढला नाही. एका बाजूला 'रश' या कॅनडाच्या रॉक बँडचा '२११२', दुसऱ्या बाजूला त्यांचाच 'मूव्हिंग पिक्चर्स'. दोन्ही अल्बम चाळीसेक मिनिटांचे आणि बाजू पंचेचाळीस मिनिटांची, त्यामुळे 'व्हायटल साइन्स' संपलं की खट् व्हायचं आणि टेपवर आधी भरलेली सत्यनारायणाची कथा सुरू व्हायची. तुंगध्वज राजा प्रसाद न घेता निघून जातो तिथपासून थेट आरतीपर्यंत. दोन वर्षं मी हे असंच, सलग ऐकलं. आजही ते गाणं संपलं की कान राजाची वाट बघतात.

धागा काढायचं निमित्त असं की ऑक्टोबर २०२५ मध्ये रशमधले उरलेले दोघे, गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन, यांनी २०२६ साठी पुन्हा दौरा जाहीर केला. तिसरा, ड्रमर नील पिअर्ट, २०२० मध्ये गेला. त्यामुळे आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर 'नील पिअर्टशिवाय रश म्हणजे काय' यावरून असं काही पेटलं की दोघे जण ग्रुप सोडून गेले. एक परत आलाय. तिथे लिहायची सोय उरली नाही, म्हणून इथे.

ओळख थोडक्यात. १९६८ मध्ये टोरांटोच्या विलोडेल या उपनगरातल्या शाळकरी पोरांनी बँड काढला. गिटारवाल्याचं खरं आडनाव झिवोयिनोविच, आईवडील सर्बियातून आलेले. त्या आडनावाचा अर्थच 'जीवनाचा पुत्र' असा काहीसा, म्हणून लाइफसन. बास वाजवणारा आणि गाणारा गॅरी वाइनरिब. आईवडील पोलंडचे ज्यू, नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले. आई तिच्या उच्चारात 'गॅरी' म्हणायची ते मित्रांना 'गेडी' ऐकू यायचं, ते कायमचं चिकटलं. ड्रमवर जॉन रट्सी.

पहिला अल्बम १९७४ चा. कोणी कंपनी उभं करीना, म्हणून स्वतःचंच लेबल काढून आणला. त्याची एक प्रत क्लीव्हलँडच्या डब्ल्यूएमएमएस रेडिओवर डॉना हॅल्परच्या हाती लागली. तिने 'वर्किंग मॅन' लावलं. पोलाद कारखान्यांचं शहर आणि गाणं कामावरून घरी येणाऱ्या माणसाचं, वर सात मिनिटांची गिटार. लोकांनी फोन करकरून विचारलं, लेड झेपेलिनची नवी रेकॉर्ड आली का? त्या जोरावर मर्क्युरी कंपनीने करार केला आणि अमेरिकेचा दौरा ठरला. नेमका तेव्हा रट्सी बाहेर पडला. त्याला मधुमेह होता, आणि संगीताच्या आवडीही जुळत नव्हत्या. त्याच्या जागी वडिलांच्या शेती अवजारांच्या दुकानात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा नील पिअर्ट आला. तारीख २९ जुलै १९७४, गेडीचा एकविसावा वाढदिवस. दोन आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, पिट्सबर्गला अकरा हजारांवर लोकांपुढे पहिला कार्यक्रम. तिथून २०१५ पर्यंत हेच तिघं.

आता मला जे म्हणायचंय ते. चार-पाच जणांच्या बँडमध्ये गिटारवाला सोलो घ्यायला पुढे सरकला की मागे दुसरी गिटार किंवा कीबोर्ड जागा भरून काढतो. तिघांत ती सोय नाही. गिटार वर गेली की खाली भगदाड पडतं. क्रीम या बँडने आणि हेंड्रिक्सच्या तिघांनी ते भगदाड जोशात बुजवलं. रशने त्याचा हिशोब मांडला. लाइफसन कॉर्ड धरताना वरच्या दोन तारा उघड्या सोडून देतो, त्या वाजत राहतात. 'हेमिस्फिअर्स'चा पहिलाच आघात ऐका, एका माणसाची गिटार आहे यावर विश्वास बसत नाही. गेडीचा रिकनबॅकर बास इतका खणखणीत की तो गिटारचंही काम करतो. आणि पिअर्ट नुसता ठेका धरत नाही, ड्रमवर वाक्यं बोलतो. 'फ्रीविल'च्या मधल्या भागात तिघंही एकाच वेळी सोलो घेतायत. आपल्याकडे साथ असते, नाहीतर जुगलबंदी असते. इथे तिघंही मुख्य कलाकार आणि तिघंही साथीदार, आणि तरी गाणं सांडत नाही.

पुढे कीबोर्ड हवासा वाटला तेव्हाही चौथा माणूस घेतला नाही. गेडीने हाताने बास, तोंडाने गाणं, बास सोडल्या क्षणी कीबोर्ड आणि पायाने मूगचे टॉरस पेडल असा कारभार चालवला. स्टुडिओत जे केलं ते मंचावर तिघांनीच उभं करायचं हा हट्ट. आधी भरून ठेवलेला एखादा आवाज सोडायचा असेल तर तोही तिघांपैकीच कोणीतरी, त्या क्षणी, हातापायाने सोडायचा.

अल्बमांचं सांगायचं तर १९७५ चा 'केरेस ऑफ स्टील' साफ आपटला. त्या दौऱ्याला यांनीच 'डाउन द ट्यूब्स' नाव ठेवलं होतं, म्हणजे गटारात जायचा दौरा. कंपनी म्हणाली, आता छोटी गाणी करा, रेडिओवर वाजतील अशी. यांनी १९७६ मध्ये '२११२' आणला, ज्याची अख्खी पहिली बाजू वीस मिनिटांचं एकच गाणं आहे. बुडायचंच तर आपल्या पद्धतीने, असा विचार. तोच खपला.

मग १९७७ आणि ७८ ला वेल्समधला रॉकफील्ड स्टुडिओ. 'अ फेअरवेल टू किंग्ज'च्या सुरुवातीला पक्षी ऐकू येतात ते खरे आहेत, लाइफसनने गिटार बाहेर अंगणात बसून वाजवली. 'हेमिस्फिअर्स'ला मात्र जीव गेला. 'ला व्हिया स्ट्रांजियाटो' हा साडेनऊ मिनिटांचा वाद्यतुकडा एका दमात वाजवायचा ठरवलं, जमेना, शेवटी तुकड्यांत घेतला. वर लाइफसनची दुःस्वप्नं हा त्याचा विषय! आणि गंमत म्हणजे सगळं संगीत बांधून झाल्यावर लक्षात आलं की पट्टी गेडीला फार उंच पडतेय. आपल्याकडे आधी गायकाची पट्टी विचारतात. असो.

नंतर क्वीबेकमधलं तळ्याकाठचं ल स्टुडिओ, १९८० ला 'परमनंट वेव्ह्ज' आणि फेब्रुवारी १९८१ ला 'मूव्हिंग पिक्चर्स'. कॅनडात पहिला, अमेरिकेत तिसरा क्रमांक. माझ्या मते ते शिखर. पुढचं प्रतिसादांत येऊ द्या, माझी ८.२२ ची लोकल आहे.

रूपकवाला

झकास! पण 'मूव्हिंग पिक्चर्स'मधल्या 'वायवायझेड' या वाद्यतुकड्याबद्दल काहीच न लिहिता सोडलंत? मी भर घालतो, तबल्याचा क्लास घेतो म्हणून आगाऊपणा माफ.

टोरांटो विमानतळाचं सांकेतिक नाव वाय-वाय-झेड. तीच तीन अक्षरं मोर्सच्या भाषेत या तुकड्याच्या सुरुवातीला वाजतात. मोर्समध्ये वाय म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब आणि झेड म्हणजे लांब-लांब-आखूड-आखूड. लांबला दोन मोजा, आखूडला एक. वाय होतो सात, दुसरा वाय सात, झेड सहा. एकूण वीस, म्हणजे चार-चारच्या बरोबर पाच मात्रा. हातावर म्हणून बघा:

धाऽ क धाऽ धाऽ
धाऽ क धाऽ धाऽ
धाऽ धाऽ क क

माझ्या विद्यार्थ्यांना मी हे न सांगता म्हणायला लावतो. तिसऱ्या ओळीला सगळे घसरतात, कारण दोनदा सात झाल्यावर कान तिसऱ्यांदाही सातच मागतो. सूर म्हणाल तर फक्त दोन, षड्ज आणि तीव्र मध्यम. विमानतळाच्या खुणेवर हे असलं काही सुचणारी माणसं!

कैरीचं_लोणचं

'टॉम सॉयर'च्या मधल्या सिंथच्या (सिंथेसायझरच्या) तुकड्यात सात मोजले मी. रूपक ताल का मग तो?

रूपकवाला

ताई, सात बरोबर मोजलेत, पण रूपक म्हणू नका. रूपकाची समच खालीच्या मात्रेवर असते, पहिली मात्रा हवेत सोडलेली. इथे पिअर्ट पहिल्या मात्रेवर घण घालतो. आकडा तोच, स्वभाव उलटा.

मिसिसागाकर

टेपगुंडाळ्या, रडवलंत. तो विमानतळ टोरांटोचा म्हणतात, पण आहे आमच्या मिसिसागात. माझ्या आईच्या बॅगेला लावलेला 'वायवायझेड'चा टॅग मी जपून ठेवलाय, तिला वाटतं तिच्या आठवणीसाठी. (आणि रूपकवाल्यांनी 'झेड' लिहिलं याबद्दल आभार. इथे 'झी' म्हटलं की अमेरिकन समजतात.)

जून २०१५ मध्ये आर-फॉर्टी, म्हणजे पिअर्टसोबतच्या शेवटच्या दौऱ्यात टोरांटोला हजर होतो. कार्यक्रम उलटा लावला होता. नव्या गाण्यांपासून सुरुवात करून मागे मागे जायचं. आणि वाजवणं चालू असतानाच कामगार मंचावरचं सामान उचलून नेत होते. आधीच्या दौऱ्यांतली कपडे वाळवायची यंत्रं वगैरे होतीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गेडीला मंचावर मागे अ‍ॅम्प्लिफायरची गरज उरली नव्हती, लाइफसनच्या बाजूला मात्र भिंतभर अ‍ॅम्प. मग गेडीच्या बाजूची रिकामी जागा भरायला ड्रायर ठेवले. पुढे कोंबड्या भाजायची भट्टी आली, मधेच आचारी येऊन कोंबड्यांकडे बघून जायचा. तर, हे सगळं हळूहळू काढत नेलं, आणि शेवटी 'वर्किंग मॅन'ला मंचावर उरली शाळेची व्यायामशाळा आणि खुर्चीवर ठेवलेले दोन छोटे अ‍ॅम्प. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, ते तोवर नुसते हवेत ड्रम वाजवत होते. खुर्च्या दिसल्यावर त्यांनी हात खाली घेतले.

विलोडेलमध्ये आता ली आणि लाइफसनच्या नावाचं एक छोटं उद्यान आहे. आलात तर दाखवीन, चहा माझ्याकडे.

चिंतोपंत_बोरीबंदर

लेख उत्तम, पण एक विचारू? त्या गायकाचा आवाज शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आहे, हे कोणीच कसं म्हणत नाही?

टेपगुंडाळ्या

चिंतोपंत, पन्नास वर्षं सगळे तेच म्हणतायत, म्हणून इथे कोणी म्हटलं नाही. :) सत्तरीतल्या पट्टीला माझाही नाइलाज आहे. 'परमनंट वेव्ह्ज'पासून तो खाली उतरलाय, तिथून ऐका.

आणखी एक बघा. शब्द बहुतेक पिअर्टचे, म्हणजे ड्रमवाल्याने लिहायचं आणि बासवाल्याने गायचं. दुसऱ्याच्या मनातलं चाळीस वर्षं आपल्या तोंडाने म्हणायचं हे आपल्या नाट्यसंगीतात नवं नाही, रॉकमध्ये बरंच दुर्मीळ.

जुनाट

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आयन रँड या व्यक्तिवादी अमेरिकन लेखिकेचं नाव घ्यायलाच हवं. '२११२'च्या वेष्टनावर पिअर्टने तिचे आभार मानले, आणि ते प्रकरण अंगाशी आलं. १९७८ मध्ये एका ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने त्यांना जवळपास फॅसिस्टच ठरवलं. कोणाला, तर ज्याचे आईवडील ऑश्विट्झमधून जिवंत बाहेर आले त्याला. टीका करा, माझाही रँडबाईंशी उभा दावा आहे, पण समोर कोण बसलंय ते तरी बघा. पिअर्टने पुढे तो चष्मा उतरवला, हेही सांगायला हवं. आणि १९८४ च्या 'रेड सेक्टर ए'मागे गेडीच्या आईच्या आठवणी आहेत. ते गाणं ऐकताना त्यात बास गिटार नाही हे लक्षात येतं का बघा. सिंथ, ड्रम, गिटार. तळ काढून घेतलाय.

सेक्टर_१७

धागाकर्त्यांनी १९८१ ला लोकल पकडली याचा जाहीर निषेध.

मी 'सिग्नल्स'वाला. १९८२. सगळे म्हणतात सिंथ आला आणि गिटार मेली. लाइफसन स्वतःही त्या अल्बमवर खूश नव्हता, गिटार मागे ढकलली गेली म्हणून. 'फ्लाय बाय नाइट'पासून बरोबर असलेला निर्माता टेरी ब्राउन त्यानंतर सुटला. हे सगळं मान्य. पण 'सबडिव्हिजन्स' ऐका हो. उपनगरातल्या एकसारख्या घरांत वाढलेल्या आणि कुठल्याच टोळक्यात न बसलेल्या पोराचं गाणं आहे ते. माझा जन्म नवी मुंबईतल्या सेक्टरांत गेला, इमारतीला नाव नाही, नंबर. ते गाणं मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. '२११२'मधले सिरिंक्सच्या देवळांचे पुजारी तुम्हाला लखलाभ.

'पॉवर विंडोज'मध्ये, १९८५, सिंथचा डोंगर आहे आणि तरी लाइफसनने त्यातून फटी शोधून गिटार वाजवलीय. जागा कमी मिळाली म्हणून माणूस जास्त नेमकं बोलतो तसं. माझ्या हिशोबी त्याचं सगळ्यात हुशार काम तेच.

टेपगुंडाळ्या

'पॉवर विंडोज' पुन्हा ऐकतो. 'होल्ड युअर फायर'बद्दल मात्र मन वळवायचा प्रयत्न करू नका.

मंदसप्तक

उशिरा आले. १९८९ ते ९६ मधल्या अल्बमांवर कोणी लिहिलं नाही, 'काउंटरपार्ट्स' सोडला तर फार बिघडलंही नाही. मला 'व्हेपर ट्रेल्स'बद्दल लिहायचंय.

ऑगस्ट १९९७ मध्ये पिअर्टची एकुलती मुलगी सेलेना मोटार अपघातात गेली. एकोणीस वर्षांची. दहा महिन्यांनी बायको जॅकी कर्करोगाने गेली. मुलीच्या अंत्यसंस्कारातच त्याने दोघांना सांगितलं होतं, मला निवृत्त समजा. मग मोटरसायकलवर बसला आणि सुटला. कॅनडा, अलास्का, मेक्सिको, चौदा महिने, ८८,००० किलोमीटर. त्यावर त्याने 'घोस्ट रायडर' हे पुस्तक लिहिलं.

त्या काळात बाकीचे दोघे थांबले. दुसरा ड्रमर घेऊन दौरा काढला असता तर पैसे मिळाले असते. २००१ मध्ये तो परत आला तेव्हाही घाई नाही, वर्षभर स्टुडिओत. २००२ चा 'व्हेपर ट्रेल्स' उघडतो तोच त्याच्या एकट्याच्या ड्रमने, दोन्ही पायांनी झोडपलेल्या. मी ते पहिल्यांदा ऐकलं त्या वर्षी आमच्या घरातही एक मरण झालं होतं, जास्त लिहीत नाही.

आता तक्रार. तो अल्बम ऐकवत नाही. त्या काळात जो तो आपली सीडी दुसऱ्यापेक्षा मोठी वाजावी म्हणून आवाज चढवत न्यायचा. इतका की लाटेचे शेंडे छाटले जातात, झांजांची करकर होते आणि हळू-मोठं हा फरकच मरतो. 'व्हेपर ट्रेल्स' त्याचा नमुना म्हणून दाखवतात. २०१३ मध्ये पूर्ण अल्बम नव्याने मिक्स केला, डेव्हिड बॉट्रिलने. तोच ऐका. पहिल्या आवृत्तीत चिखलात रुतलेल्या गिटारी त्यात उभ्या राहिल्यात.

कैरीचं_लोणचं

मंदसप्तक, वाखुसा (वाचनखूण साठवली). पिअर्ट गेला ते कशाने?

मंदसप्तक

मेंदूचा कर्करोग, ग्लायोब्लास्टोमा. शेवटचा कार्यक्रम १ ऑगस्ट २०१५, लॉस एंजेलिसचा फोरम. वर्षभराने आजार कळला. साडेतीन वर्षं त्याने आणि मित्रांनी बाहेर अवाक्षर फुटू दिलं नाही. ७ जानेवारी २०२० ला गेला, जगाला कळलं १० तारखेला.

चिंतोपंत_बोरीबंदर

मांजराबद्दल शब्द मागे घेतो. 'लाइमलाइट' ऐकलं. गिटारचा सोलो दोनदा ऐकला.

पण मग मूळ प्रश्न तसाच राहिला. पिअर्ट नाही, तर आता दौरा कशाला? ग्रुप सोडून गेलेल्या तुमच्या मित्राची बाजू मला पटतेय.

सेक्टर_१७

अनिका निलेसला ऐकलंय का, चिंतोपंत? जर्मनीची ड्रमर, या दौऱ्यासाठी तिलाच घेतलंय. २०२२ मध्ये गिटारवादक जेफ बेकबरोबर दौऱ्यावर होती. पाच आणि सातांच्या हिशोबात ती आपल्या घरात वावरावं तशी वावरते. नक्कल करणारा ड्रमर शोधायचा असता तर जगात हजार सापडले असते.

रूपकवाला

गुरू गेल्यावर त्याच्या बंदिशी गायच्या नाहीत असं कोणी म्हणतं का? उलट गायल्याच पाहिजेत. प्रश्न फक्त पाटीवर नाव कोणाचं लावायचं एवढाच.

जुनाट

रूपकवाला, बंदिशीला हे लागू आहे, घराण्याला आहे. पण धागाकर्त्यांनी वर स्वतःच लिहिलंय, या तिघांत साथीदार कोणीच नव्हता. मग एक काढला तर उरतं काय? नाव 'रश'च लावलंय म्हणून माझा आक्षेप.

टेपगुंडाळ्या

जुनाट, मला माझ्याच लेखात पकडलंत. दोन दिवस विचार केला. पटण्याजोगं उत्तर माझ्याकडे नाही, पण एक लक्षात आलं. १९७४ मध्ये रट्सी गेला तेव्हाही नाव 'रश'च राहिलं, आणि कोणाला वाईट वाटलं नाही, कारण तेव्हा वाईट वाटायला कोणी ओळखत नव्हतं. आत्ता तिकीट काढणारे पन्नाशी-साठीचे लोक. ते मंचावर बघणार दोघांकडे आणि ऐकणार तिघांना. माझी तयारी असती तर मी गेलो असतो. भारतात ते कधी आलेच नाहीत.

मिसिसागाकर

मग या की इकडे. खोली रिकामी आहे, वाटेत तळं दाखवतो, उद्यान दाखवतो. आई येऊन राहिलीय, जेवणाचीही चिंता नाही. फक्त बॅगेचा टॅग मला द्यायचा.

कैरीचं_लोणचं

मूव्हिंग पिक्चर्स संपूर्ण ऐकला, स्पीकरवर, घरच्यांच्या बोलण्याकडे कानाडोळा करून. 'द कॅमेरा आय'ला इतकी कमी दाद का मिळते? अकरा मिनिटं कशी गेली कळलं नाही.

अवांतर: ती कॅसेट आहे का अजून? सत्यनारायणासकट?

टेपगुंडाळ्या

कॅसेट आहे, पण फीत ताणली गेलीय. म्हणून गेल्या दिवाळीत एका दुकानात डिजिटल करायला दिली. आठ दिवसांनी पेन ड्राइव्ह मिळाला. घरी येऊन लावला, 'व्हायटल साइन्स' संपलं, आणि पुढे काहीच नाही. दुकानात फोन केला. पोरगा म्हणाला, "काका, शेवटी काहीतरी पूजेचं चुकून भरलं गेलं होतं, ते मी कापून दिलंय. त्याचे पैसे नाही लावले."